चौलला काय बघायचं?

दर वर्षी दिवाळी संपली की आमच्या ग्रुपवर अलिबागचा प्लॅन बनतो आणि दर वर्षी तो काशीदच्या वाळूत जाऊन थांबतो. गेटवेहून लाँच, मांडव्याहून गाडी, अलिबागला मासे, मग नारळी-पोफळीच्या सावलीतून सरळ दक्षिणेकडे. या रस्त्यावर अक्षी, नागाव गेलं की चौल लागतं. गाडीतलं गाणं बदलेपर्यंत मागेही पडतं. यंदा मी लिहिलं, "एक रात्र चौल-रेवदंड्याला राहू या. माझं आजोळ आहे तिथे." निळ्या टिका आल्या. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग एकाने विचारलं, "पण चौलला काय बघायचं?"

प्रश्न रास्त आहे. फोटो काढून लगेच टाकावा असं तिथे फार काही नाही. पण गंमत अशी की जवळपास दोन हजार वर्षं लोक या गावाला यायचे प्लॅन करत होते. ग्रीक, अरब, रशियन, इटालियन, पोर्तुगीज. कोणी घोडा विकायला आलं, कोणी रेशीम घ्यायला, कोणी नुसतं बघायला. अलिबाग शहर वसायला तेव्हा कित्येक शतकं अवकाश होता आणि मुंबई म्हणजे सात बेटं होती. त्या काळी "कोकणातलं भारी बंदर कुठलं" असं कोणी विचारलं असतं, तर ज्या मोजक्या गावांची नावं पुढे आली असती त्यांत चौल नक्की असतं. तेव्हा ग्रुपवरच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या जुन्या पाहुण्यांनाच विचारायचं ठरवलं. शेवटी आपणही कुठे जायच्या आधी रिव्ह्यू वाचतोच की.

पहिला रिव्ह्यू न आलेल्या माणसाचा आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात बसून टॉलेमी जगाचा भूगोल लिहीत होता. त्याने या बंदराचं नाव 'सिमुल्ला' असं दिलं, आणि जे व्यापारी तिथे बरीच वर्षं राहून आलेत ते सांगतात की स्थानिक लोक त्याला 'तिमुला' म्हणतात, अशी पुस्तीही जोडली. त्याच्याआधी शंभरेक वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेतही कल्याणच्या पुढचं बंदर म्हणून 'सेमुल्ला' येतं. शिलालेखांत 'चेमूल', अरबांकडे 'सैमूर', रशियन माणसाकडे 'चिविल', इंग्रजांकडे 'चौल'. आजीच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत 'चेऊल'च होतं, आणि मला वाटतं या सगळ्यांत तीच बरोबर होती.

ही जहाजं वाऱ्यावर यायची. उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून मोसमी वारे सुरू झाले की तांबड्या समुद्रातून निघायचं, पावसाचा जोर ओसरता ओसरता इथे पोचायचं, माल भरायचा आणि हिवाळ्यात वारा उलटा फिरला की परत. भर पावसात हा किनारा बंद. गेटवे ते मांडवा लाँच आजही पावसाळ्यात बंद असतात, तेच कारण. प्लॅनमधला पहिला मुद्दा दोन हजार वर्षांत बदललेला नाही: जून ते ऑगस्ट सोडून.

आता खरोखर आलेला माणूस. अल-मसूदी, बगदादचा. इ.स. ९१६ च्या सुमाराला तो चौलला होता. वर राष्ट्रकूटांचं राज्य होतं, त्यांना अरब 'बल्हरा' म्हणत, आणि त्यांच्या हाताखाली इथला कारभार शिलाहार राजा झंझ बघत होता. मसूदी लिहितो की या एका गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे. कित्येकांनी इथेच लग्नं केलीत, त्यांची मुलं इथेच जन्मलीत. त्यांच्या आपसातल्या तंट्यांचा निवाडा करायला त्यांच्यातलाच एक मुखिया राजाने नेमलेला आहे. मशिदी आहेत, उघडपणे नमाज होतो.

आकडा थोडा फुगवलेला असेलही. प्रवासी फुगवतातच. पण निम्मा धरला तरी ते केवढं गाव असेल! आणि दुसरी गोष्ट. कोकणात परदेशी आले ते तलवार घेऊनच, असं आपल्याला शाळेपासून वाटत असतं. इथे दहाव्या शतकात ते संसार करून राहत होते, आणि हिंदू राजा त्यांच्यासाठी वेगळा न्यायाधीश नेमत होता. त्यात उपकाराचा भाग किती हे माहीत नाही, हिशेबाचा नक्की होता. बंदर चालायचं तर परका माणूस टिकला पाहिजे, आणि तो टिकायचा तर त्याला आपल्या रिवाजाने जगता आलं पाहिजे. जकात राजाच्या तिजोरीत जायची.

मसूदीने विडा खाणाऱ्या लोकांबद्दलही लिहिलंय. पान, चुना, सुपारी, आणि त्याने लाल होणारे दात. हे वाचलं तेव्हा मला आजीच्या ओटीवरचा अडकित्ता आठवला. अकराशे वर्षांपूर्वीच्या बगदादच्या माणसाने आपल्या आजीला पाहिलं होतं की काय, असं क्षणभर वाटून गेलं.

पण माझा सगळ्यांत आवडता पाहुणा अफनासी निकितिन. हा रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या त्वेर गावचा व्यापारी. व्यापारासाठी दक्षिणेकडे निघाला आणि आस्त्राखानजवळ लुटला गेला. माल उसनवारीचा, त्यामुळे परत जायची सोय नाही. गेलं तर देणेकरी उभे. मग तो पुढेच जात राहिला. बाकू, इराण, होर्मुझ. कोणीतरी त्याला सांगितलं की हिंदुस्थानात घोडे होत नाहीत, तिथे घोड्याला सोन्याचा भाव येतो. होतं नव्हतं ते घालून त्याने एक घोडा घेतला आणि त्याच्यासकट गलबतात चढला. साल १४६९. वास्को द गामा कालिकतला पोचला त्याच्या एकोणतीस वर्षं आधी हा माणूस एका घोड्यानिशी चौलच्या धक्क्यावर उतरला.

कल्पना करा, खाडीत उभं गलबत, आत आठवडेच्या आठवडे डुलत आलेला घोडा आणि त्याच्यापेक्षा जास्त घाबरलेला मालक. सगळं भांडवल चार पायांवर.

निकितिनला पहिल्यांदा काय दिसलं? माणसं. अंगावर फार कपडे नाहीत, डोकी उघडी, केसांची एक वेणी. आणि त्या माणसांना काय दिसलं? तो. तो लिहितो की मी जाईन तिथे माझ्यामागे गर्दी होते, गोऱ्या माणसाकडे बघत राहतात. आज काशीदच्या किनाऱ्यावर परदेशी माणसाबरोबर सेल्फी काढायला रांग लागते तेव्हा मला निकितिन आठवतो.

चौलहून तो घाटाकडे निघाला. पालीला पोचायला आठ दिवस लागले, तिथून पुढे मजल दरमजल जुन्नर. तोवर पाऊस लागला होता. हा बिचारा त्याला 'हिवाळा' म्हणतो, कारण घरात बसून काढायचा ऋतू म्हणजे हिवाळा, एवढंच त्याला ठाऊक. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, अशी त्याची तक्रार आहे. जुन्नरच्या अंमलदाराने, असदखानाने, त्याचा घोडा काढून घेतला. मुसलमान हो, घोडा परत मिळेल आणि वर सोनंही मिळेल. नाही झालास तर घोडाही गेला आणि दंडही भर. मुदत चार दिवस. त्या चार दिवसांत एका खुरासानी माणसाने मध्यस्थी केली, घोडा परत मिळाला आणि धर्मही वाचला.

त्याचा एकूण रिव्ह्यू मात्र वाईट आहे. आपल्याला फसवलं, असं तो लिहितो. हिंदुस्थानात तुझ्या देशासाठी भरपूर माल आहे असं सांगून पाठवलं. मिरी आणि रंग स्वस्त आहेत खरे, पण रशियाच्या कामाचं काही नाही, वर जकात भारी आणि समुद्रात चाचे. परतताना तो दाभोळच्या बंदरातून गेला. घरी काही पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या आसपास वारला. वह्या तेवढ्या मॉस्कोला पोचल्या. त्याच वह्यांमुळे आज रेवदंड्याच्या एका शाळेच्या आवारात त्याचं स्मारक उभं आहे. लहानपणी मामा मला तिथे घेऊन गेला होता. "हा कोण?" मी विचारलं. "रशियाचा होता. घोडा विकायला आलेला," मामा म्हणाला. "विकला?" "विकला असणार. नाहीतर परत कशाला गेला असता?"

यापुढची गर्दी पोर्तुगीजांची. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीच्या तोंडाशी आरमारी लढाई झाली. एका बाजूला इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार आणि दीवचा मलिक अयाझ, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु द आल्मेदा इथेच मारला गेला. हिंदी महासागरात पोर्तुगीजांनी खाल्लेला हा पहिला मोठा मार. पुढच्या वर्षी बापाने दीवला सूड उगवला, आणि इतिहासाच्या पुस्तकात दीव राहिलं, चौल गळालं. नंतर वाटाघाटी झाल्या. १५२१ च्या सुमाराला अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी खाडीच्या मुखाशी, म्हणजे आजच्या रेवदंड्यात, कोट बांधायला घेतला. तिथून पुढे दोन चौल झाले. समुद्राकडचं पोर्तुगीजांचं आणि आतल्या बाजूचं निजामशाहीचं. चीझरे फेदेरिची नावाचा व्हेनिसचा व्यापारी सोळाव्या शतकात आला, त्याने ही दोन्ही शहरं पाहिली आणि नारळाच्या झाडावर तर तो असा काही खूश झाला की झाडाचा कुठला भाग कशाला लागतो याची यादीच देऊन बसला. डच प्रवासी लिन्सखोतेन सांगतो की इथले लोक रेशीम विणतात, आणि लाखेचं काम केलेले पलंग, पेट्या, बैठका करतात.

दोन शेजाऱ्यांचं पटेनासं झालं तेव्हा मुर्तझा निजामशहाने १५७० च्या अखेरीस रेवदंड्याला वेढा घातला. महिनोन्‌महिने चालला, आणि १५७१ मध्ये काही न मिळवता उठला. नामवंत इतिहासकार फिरिश्ता याचं खापर निजामशहाच्याच सरदारांवर फोडतो. पोर्तुगीजांनी त्यांना फोडलं म्हणतो, आणि लाच कसली तर दारूची. समोरच्या डोंगरावर, कोर्लईवर, निजामशहाने नंतर तोफा चढवल्या, तेव्हा १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो डोंगरच घेतला. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने रेवदंड्याला वेढा दिला, तोही कोट टिकला.

मग एवढं टिकलेलं शहर गेलं कुठे?

मला हा प्रश्न लहानपणापासून पडायचा आणि मोठी माणसं उत्तर द्यायची, "युद्धात गेलं." पण मरायला चौलला एक लढाई पुरली नाही. १६२२ मध्ये पोर्तुगीजांच्या हातून होर्मुझ गेलं आणि घोड्यांचा, इराणी मालाचा जुना रस्ता मोडला. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली, आणि ज्या मुलखाचं हे बंदर होतं तो मुलूखच वाटला गेला. सुरतेला मोगलांचं बळ होतं, व्यापारी तिकडे गेले. नंतर इंग्रजांनी मुंबई उभी करायला घेतली आणि चौलच्या रेशीम विणकरांना तिकडे बोलावून वसवलं. एकेक वखार, एकेक माग, एकेक घर. खाडी गाळाने भरत राहिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि १७४० च्या तहात पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात दिलं. एवढ्या लढाया झालेल्या गावाचा शेवटचा हवाला कागदावर झाला. तोवर देण्यासारखं उरलं होतं ते मुख्यतः भिंती.

म्हणून तर बघायला काही नाही असं वाटतं. जळालेल्या शहराचे अवशेष असतात. हळूहळू उठून गेलेल्या शहराच्या जागी माणसं वाड्या लावतात.

पण सगळेच उठून गेले नाहीत. कुंडलिकेचा पूल ओलांडून कोर्लईला गेलं की डोंगराच्या पायथ्याशी एक वस्ती आहे. १७४० मध्ये पोर्तुगीज सत्ता निघून गेली तेव्हा तिथले ख्रिस्ती मागे राहिले. अधिकारी गेले, पाद्री गेले, यांना न्यायला कोणी आलं नाही. एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी, सभोवती मराठी मुलूख. ते आपसात पोर्तुगीज बोलत राहिले, आणि बोलता बोलता त्या पोर्तुगीजची वेगळीच भाषा झाली. शब्द पोर्तुगीजवरून आलेले, पण वाक्य मराठीसारखं, क्रियापद शेवटी. तिला ते 'क्रिस्ती' म्हणतात किंवा 'नो लिंग', म्हणजे आपली भाषा. (हसू नका. पोर्तुगीजमध्ये 'लिंग्वा' म्हणजे जीभ, भाषा.) अमेरिकन भाषातज्ज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. पूल झाला, शाळा मराठी, नोकऱ्या बाहेर, त्यामुळे मुलं मराठीकडे वळतायत. मराठी माणूस म्हणून याचा आनंद मानावा की कसं, ते मला ठरवता येत नाही. आपली भाषा मोठ्या भाषेपुढे कशी दबते यावर आपण तावातावाने बोलतो, आणि इथे ती मोठी भाषा आपणच आहोत.

तसेच बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले अशी त्यांची कथा आहे. या पट्ट्यात ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून 'शनवार तेली'. रेवदंड्यात त्यांचं सिनेगॉग आहे. बहुतेक जण इस्राएलला गेले, पण चेऊलकर आडनाव घेऊन गेले.

आता माझ्या घाईचं कारण सांगतो. रेवदंड्याचा कोट म्हणजे सिंहगडासारखं एका टोकाला उभं ठिकाण नव्हे. रस्ता तटबंदीतून आत शिरतो आणि आत गाव आहे, वाड्या आहेत. पोर्तुगीज चर्चचा 'सातखणी' मनोरा नारळांच्या वर डोकं काढून उभा आहे, वरचे मजले पडलेले. मठांच्या कमानी कोणाच्या तरी पोफळींच्या रांगेत येतात. त्या वाड्या आहेत तोवर त्या कमानीही सावलीत राहतात; कोणी मुद्दाम राखलेलं नसतं, पण कोणी पाडलेलंही नसतं. आमच्या शेजारची वाडी तीन वर्षांपूर्वी विकली गेली. पोफळी गेल्या, स्विमिंग पूलवाला बंगला आला. पाया खणताना घडीव दगड निघाले, ते कंत्राटदाराने कुंपणाला लावले. दिसतातही छान, हे कबूल करायला हवं. मामाकडे एजंट दोनदा येऊन गेला. मामा साठीचा, सुपारी काढायला माणूस मिळत नाही, मुलगी पुण्यात. मी त्याला "विकू नकोस" म्हणू शकत नाही, कारण मुंबईतली नोकरी सोडून मी काही शिंपणं करायला येणार नाही. मसूदीच्या काळच्या सुपारीवर चार ओळी लिहिणं सोपं आहे, ती सोलणं नाही.

तर ग्रुपसाठी प्लॅन असा. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, गाडी बोटीतच. वाटेत अक्षीला थांबायचं. तिथे रस्त्याकडेला मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक उभा आहे आणि दोन मिनिटांत बघून होतो. चौलला रामेश्वराची पुष्करिणी. पाऊस ओढ देतो तेव्हा उघडायचं असं एक पर्जन्यकुंड त्या देवळात आहे. मग हमामखान्याचे अवशेष, आणि दत्ताच्या डोंगराच्या शेकडो पायऱ्या. वरून दिसतं ते सगळं हिरवं छप्पर म्हणजे जुनं शहर, एवढं मी दाखवीन, बाकी तुम्ही डोळे बारीक करून बघा. मार्गशीर्षात दत्तजयंतीला गेलो तर जत्राही मिळेल, पण गाडी लावायला जागा मिळणार नाही. संध्याकाळी रेवदंड्याच्या काळ्या वाळूवर, तटाच्या कडेने. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत कोर्लई; दीपगृहाकडून चढलं तर चढण लहान आहे. काशीद पुढेच आहे, जायचं त्यांनी जा.

आत्तापर्यंत चौघांनी हो म्हटलंय, एकाने "बघतो". मामीला आकडा बुधवारपर्यंत नक्की हवा आहे. बिरड्याचे वाल दोन दिवस आधी भिजत घालावे लागतात.